काय कमी हाय?

आत्याबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाल्या. पदर हलला म्हणून त्या बोलल्या एवढं कळलं. मी भाकरी थापत होते. वर बघून हसले आणि म्हणाले, "व्हय, बरोबर हाय."

उंबऱ्यावर बसलेल्या आमच्या ह्यांच्या हातातला चहा सांडला. ते उठून माझ्या समोर येऊन बसले आणि मला ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाले, "आई म्हणाली, दिनकर हिरीत पडला. तू म्हणालीस, बरोबर हाय."

दिनकर म्हणजे हेच. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मला घाम फुटला होता. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर खाली घेतला, माझ्या कानामागच्या मशीनकडे बोट केलं आणि ते बोट नकारार्थी हलवलं. मग ह्यांच्याकडे वळून बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला ह्यांच्याकडूनच कळलं. सोमवारी कोल्हापूरच्या दवाखान्यात त्या स्वतः माझ्याबरोबर येणार होत्या.

सासूला आमच्या गडहिंग्लजकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. तोंडात एकही दात नव्हता, आणि कवळी त्यांनी एक दिवस लावून बघून कपाटात टाकून दिली होती. हे दातांचं मुद्दाम सांगते, कारण माझं सगळं घोडं त्या दातांपाशीच अडलं होतं.

आमचं विजेवर चालणारं मिरची कांडप होतं, अजून आहे. हंगामात आजूबाजूच्या गावांतल्या बायका वाळवलेली संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेला मसाला, खोबरं, लसूण असं सगळं घेऊन येतात आणि वर्षाची चटणी कुटून नेतात. आत्याबाईंनी आमच्या कांडपावर एक रीत घालून दिली होती. चटणी उखळातून काढली की गरम आहे तोवर तिची चिमूट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायचं, "काय कमी हाय?" बाई म्हणायची, चांगली झालीया. आत्याबाई म्हणायच्या, "चांगली झालीया ते मला ठावं हाय. कमी काय ते सांग." मग ती बाई जीभ टाळ्याला लावून विचार करायची आणि काहीतरी सांगायचीच. मीठ, नाहीतर लसूण, नाहीतर खोबरं. तेवढं घालून पुन्हा एकदा उखळात. गरम आहे तोवरच चटणी सुधारते, गार होऊन बरणीत गेली की वर्षभर तशीच खावी लागते, असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन आले तशी मीही त्यात तयार झाले. दुसऱ्याची चटणी जिभेवर ठेवली की मला कुणाची भीड राहत नसे. खोबरं करपलंय तर करपलंय. समोर पाटलीणबाई का असेना.

पण हे चटणीपुरतं. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी पक्की कोल्हापूरकडची. कुणी काही विचारलं की "चालतंय की" हे आमचं उत्तर ठरलेलं असतं. पाय मुरगळला, चालतंय की. जेवायला उशीर झाला, चालतंय की. हा आमच्या मातीचाच गुण आहे आणि मला त्याचा अभिमानही होता.

मग मला ते मोठं दुखणं झालं. ताप डोक्यात गेला होता. जड इंजेक्शनांनी जीव वाचला आणि कान गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. आज मी तुमच्यापुढे बसून ही गोष्ट सांगते आहे ती त्या इंजेक्शनांमुळे, तेव्हा त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

बहिरी झाले आणि हळूहळू ओठ वाचायला शिकले. आमच्या ह्यांना भरघोस मिश्या होत्या, सगळ्या गल्लीत नावाजलेल्या. एक दिवस ते न्हाव्याकडून आले ते वरचा ओठ सफाचट करून. मला त्यांचं तोंड ओळखूच येईना. म्हणाले, "आता दिसतंय का काय बोलतोय ते?" त्या दिवशी मी पाठ फिरवून पोटभर रडले. आमची मुलगी कोल्हापूरला दिलेली. ती नोकरीवर रजा टाकून माझ्यासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती, आणि कानात बसवायच्या त्या मशीनचा शोध तिनेच लावला.

ऑपरेशन झालं. कानामागे कातडीखाली एक चकती, तिथून कानाच्या आतल्या शंखात गेलेली केसासारखी तार, आणि बाहेर कानामागे अडकवायचं मशीन. त्या मशीनला एक गोल टोपी असते, ती डोक्याला लोहचुंबकाने चिकटते. मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळे भोवती उभे होते. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी हलवावं तसा आवाज माझ्या डोक्यात सुरू झाला. ह्यांचे ओठ हलले, "येतंय का ऐकायला?" त्यांच्या उघड्या ओठावर घाम होता. मी म्हणाले, "येतंय की." मुलीने मला मिठी मारली. सगळे रडले.

आता तुम्हीच सांगा, त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणायचं की माणसाचा आवाज येत नाही, खडे वाजतात?

मशीन नुसतं बसवून भागत नाही, ते त्या-त्या माणसाला जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी महिन्या-महिन्याने जायचं. ते काम करणाऱ्या देवतळे मॅडम वर्ध्याकडच्या होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडायच्या आणि एकेक आवाज सोडायच्या. कानातल्या त्या तारेवर वीस-बावीस बारीक ठिपके असतात, एकेक ठिपका एकेक सूर वाजवतो. कुठला सूर किती जोरात हवा ते मी सांगायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक कार्ड होतं. एका टोकाला झोपलेला चेहरा, म्हणजे ऐकूच येत नाही. दुसऱ्या टोकाला कान झाकलेला चेहरा, म्हणजे सहन होत नाही. मध्ये पिवळा हसरा चेहरा. मी प्रत्येक वेळी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे.

काही आवाज टोचायचे. एका आवाजाला तर माझ्या डोळ्याची पापणी आपोआप उडायची. मी खाली बघून ती लपवायचे आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर. मॅडम जेवण सोडून माझ्यासाठी बसलेल्या असायच्या, हे बाहेर बाकावर बिनमिशीचे बसलेले असायचे. एवढं सगळ्यांनी केलं आणि मी तोंड वर करून म्हणू, टोचतंय? मला ते कृतघ्नपणाचं वाटायचं. घरी आले की केस सारखे केल्यासारखं करून टोपी काढून ठेवायचे. बाकी कामं ओठांवर निभत होती. ह्यांचे ओठ, मुलीचे ओठ, गिऱ्हाइकांचे ओठ. सगळ्यांना वाटायचं, मालनला ऐकू यायला लागलं.

फक्त आत्याबाईंचे ओठ वाचता येत नव्हते. दात नसले की ओठ आत वळतात आणि सगळे शब्द एकसारखे दिसतात. दुखण्याआधी आम्ही दोघी दुपारभर समोरासमोर बसून मिरच्यांचे देठ मोडायचो आणि अखंड बोलायचो. सासू-सुनेचं एवढं काय गूळपीठ म्हणून ह्यांना कोडं पडायचं. कान गेल्यावरही आम्ही तशाच बसायचो, पण गप्प. मिरचीचा खकाणा नाकात जाऊ नये म्हणून दोघींच्या तोंडाला पदर असायचा. आत्याबाईंचा पदर सारखा हलत असायचा. म्हातारपणी जप लागलाय, असं मी समजले होते.

बाकी कुणाचं ऐकू आलं नसतं तरी मी निभावलं असतं. पण आत्याबाईंचं बोलणं मला पुन्हा ऐकायचं होतं, आणि दिवस उरले नव्हते. मॅडम मागच्या वेळी म्हणाल्या होत्या, सगळं चांगलं आहे म्हणताय तर पुढच्या सोमवारी हेच कायम करू, मग एकदम वर्षाने या. वर्षाने आत्याबाई असतील याची खात्री कोण देणार? आणि तरीही सोमवारी मी हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवणार होते, हे मला स्वतःला माहीत होतं.

सोमवारी आत्याबाई नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन एस.टी.त खिडकीपाशी बसल्या. दवाखान्यात आत एकालाच सोडतात. ह्यांनी पाऊल उचलायच्या आत त्या माझ्यामागून आत शिरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मॅडमनी वायर जोडली, कार्ड समोर ठेवलं. पहिला आवाज आला. माझं बोट हसऱ्या चेहऱ्याकडे निघालं आणि आत्याबाईंनी माझ्या मनगटावर एक चापट मारली. लहान पोराला मारतात तशी. मग त्या मॅडमकडे वळून बोलायला लागल्या. मला काही कळत नव्हतं. मी फक्त मॅडमचा चेहरा बघत होते. आधी त्या हसल्या. आमच्याकडे बायकाही 'मी सांगतो, मी करतो' असं बोलतात, वर्ध्याच्या माणसाला त्याची गंमत वाटते. मग त्यांचं हसू कमी-कमी होत गेलं. त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई म्हणतात, ही लबाड बोलतीया. हिला बोलणं कळतच नाही. खरं आहे का?"

"कळतंय की," मी म्हणाले.

मॅडमनी ते कार्ड उचललं आणि स्वतःच्या तोंडासमोर धरलं. त्यांचे ओठ झाकले गेले आणि त्या जागी तो पिवळा चेहरा हसत होता. कार्डामागून त्या काहीतरी बोलल्या. डब्यातले खडे वाजले. मॅडमचे डोळे कार्डावरून माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत होते. मी मान खाली घातली आणि मला रडू फुटलं.

मला वाटलं, आता या रागावणार. एवढे महिने फुकट घालवले म्हणणार. त्यांनी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझे हात धरले. घाईत त्यांच्या तोंडी त्यांच्याकडची बोली आली. "मालनताई, मला राग येऊन नाही राहिला. पण बघा ना, तुम्हाला टोचत होतं आणि तुम्ही चांगलं म्हणत होत्या. मला वाटलं हेच बरोबर, म्हणून मी तिथंच ठेवत गेले. मला दुसरं काही दिसत नाही हो. तुमच्या कानात काय चाललंय ते तुम्ही सांगाल तेवढंच मला कळतं."

मी डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही एवढं करताय आन मी नावं कशी ठिवू?"

हे आत्याबाईंनी ऐकलं. त्यांनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, त्यातून चटणीची पुडी काढली आणि चिमूटभर चटणी मॅडमच्या तळहातावर ठेवली. मॅडम गोंधळल्या. आत्याबाईंचा तो प्रश्न मात्र मला न ऐकताही कळला, कारण आयुष्यभर तो ऐकत आले होते. मॅडमनी चटणी जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान डोलावून म्हणाल्या, "छान आहे." आत्याबाईंनी हात झटकला. मॅडमनी पुन्हा चव घेतली. जरा वेळाने, भीतभीत, म्हणाल्या, "मीठ?"

आत्याबाई खुर्चीत मागे रेलल्या. मग जे बोलल्या ते मॅडमनी मला जसंच्या तसं सांगितलं, अगदी आमच्या बोलीत, अडखळत: "हिला चांगलं हाय का म्हणून इचारू नका. ही चांगलंच म्हणणार. काय कमी हाय ते इचारा."

मॅडमनी पुन्हा कॉम्प्युटरकडे तोंड केलं. पहिला आवाज सोडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय कमी हाय?"

काय सांगू, त्या प्रश्नाने माझी जीभ सुटली. तो कांडपाचा प्रश्न होता. त्याला 'चालतंय की' हे उत्तरच नाही. मी डोळे मिटले आणि आवाज जिभेवर ठेवल्यासारखा तपासला. म्हणाले, "ह्येच्यात मीठच न्हाई. पाणचट हाय." मॅडमनी वाढवला. "आता?" "अजून चिमूटभर." पुढचा आवाज. "ह्यो बराय, पर मागच्यापेक्षा जास्त झालाय. दोन्ही एकसारखं करा." पुढचा. "ह्यो कच्च्या लसणासारखा लागतोय, कमी करा. अजून. अजून." शेवटच्या किनऱ्या, बारीक आवाजांना तर मी एकेक करून झोडपलं. एक खोबरं करपल्यासारखा कडवट होता. दोन अगदी सारखे वाटत होते, एकच मिरची दोनदा घातल्यासारखे, त्यातला एक मॅडमनी बंदच केला. पापणी उडवणारा आवाज आला तेव्हा मी मान वर ठेवली आणि पापणीकडे बोट दाखवलं. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, हे तरी सांगायचं होतं. तोही बंद झाला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिपाई दोनदा डोकावून गेला. आत्याबाईंनी तेवढ्यात भाकरी खाऊन घेतली आणि खुर्चीतच डुलकी काढली. मॅडम थकल्या असतील, पण त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मला आधीच्या सगळ्या महिन्यांचं वाईट वाटलं. मी हसरा चेहरा दाखवायचे तेव्हा त्या कधी अशा खुलल्या नव्हत्या. माझी तक्रार म्हणजे त्यांना हातात धरायला दोरी मिळाल्यासारखं होतं.

सगळे आवाज एकत्र सुरू केले तेव्हा मी पहिली गोष्ट म्हणाले ती, "त्यो पंखा बंद करा." छताचा पंखा फिरताना एका जागी टक वाजत होता. मॅडमना तो कधी ऐकू आला नव्हता. त्या खो-खो हसल्या, आणि त्यांचं हसणं मला माणसाच्या हसण्यासारखं ऐकू आलं. घोगरं, थोडं रेडिओतल्यासारखं, पण हसणंच. मग त्यांनी वहीने तोंड झाकलं आणि काहीतरी विचारलं. सगळं कळलं नाही. एक शब्द कळला, "भाकरी". मी म्हणाले, "भाकरी." वहीमागे त्यांचे डोळे भरून आले होते.

निघताना त्यांनी बजावलं, डोक्याला हे आवाज ओळखायला वेळ लागेल. कुणाशी तरी रोज ओठ न बघता बोलायचं. वर्षाने नाही, पुढच्या महिन्यात यायचं, आणि येताना कमी काय ते ठरवून यायचं. आत्याबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, ते आमच्यावर सोपवा म्हणून. बाहेर बाकावर हे उठून उभे राहिले. त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "आजवर मला काय कळत नव्हतं. आता कळंल." त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग मिशी वाढवू का परत?" हे मला ओठांवरून कळलं की कानांनी, ते मलाही सांगता येत नाही.

देवतळे मॅडम पुढे वर्ध्याला परत गेल्या. दरवर्षी हंगाम संपला की मी त्यांना चटणी पाठवते. त्यांचा फोन येतो. छान म्हणत नाहीत. म्हणतात, यंदा लसूण जरा पुढे आहे. तिकडे नवीन माणूस त्यांच्यापुढे बसलं की ते कार्ड काढायच्या आधी त्या हाच प्रश्न विचारतात, अगदी आमच्या बोलीत. त्यांना माझे आशीर्वाद आहेत, दुसरं माझ्याकडे द्यायला काय आहे. रोज सकाळी मशीन कानाला लावताना मी त्यांचं नाव घेते.

तर सोमवारनंतर आत्याबाईंनी माझी शाळा सुरू केली. देठ मोडायला बसलो की आधी अभ्यास. त्या पदराआडून मोठ्याने, तोडून-तोडून एकेक शब्द म्हणायच्या, मी मिरच्यांकडे बघत तो परत म्हणायचा. मिरची. म्हैस. दिनकर. चुकलं की माझ्या मांडीवर एक मिरची येऊन पडायची. रोज थोडं-थोडं नीट लागत गेलं. अभ्यास संपला की त्या आपल्या जपाला लागायच्या आणि मी माझ्या कामाला. त्या पुटपुटण्यातलं मला काही लागत नव्हतं, आणि माणसाचा जप आपण कशाला ऐकायचा म्हणून मी तिकडे लक्षही देत नव्हते.

दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी कांडप बंद होतं, वीज गेली होती. बाहेर चिटपाखरू नव्हतं. अभ्यास झाला होता. मी मान खाली घालून देठ मोडत होते आणि शेजारी आत्याबाईंचं पुटपुटणं चाललं होतं. ऐकता ऐकता त्यात एक शब्द ओळखीचा वाटला. मग पुन्हा तोच आला. मला वाटलं, भास आहे. जपात देवाचं नाव असतं. ह्या जपात माझं नाव होतं.

"…आन मालन, ती खालच्या आळीची पारू आलती न्हवं काल, तिची सून म्हायेरास्नं परत आली गं. मीच म्हटलं तिला, आण जा म्हणून…"

माझे हात थांबले. मी वळून बघितलं. आत्याबाईंचं लक्ष मिरच्यांत होतं, पदर हलत होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमचा जप चाललाय न्हवं?"

त्यांनी मान वर केली. "कसला जप? मला कुठला आलाय जप. तुला सांगतोय की."

"रोज?"

"रोज."

"मला ऐकाय येत न्हवतं तवाबी?"

"तवाबी."

कान गेल्यापासून चार वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून रोज दुपारी मला गावच्या बातम्या सांगत होती, आणि मी तिच्याकडे बघून मनात म्हणत होते, चला, म्हातारपणी देवाधर्माला लागल्या. मी विचारलं, "कशापायी वो? मला त्यातलं एक अक्षर कळत न्हवतं."

आत्याबाईंनी हातातल्या मिरचीचा देठ मोडला, मिरची सुपात टाकली. "सवय मोडंल म्हणून," त्या म्हणाल्या. "उद्या तुला ऐकाय यायचं, आन तवर मला बोलायची सवय गेलेली असायची. मग गं?"

दुसरी मिरची उचलून म्हणाल्या, "मशीन बसवून आलीस तवा वाटलं, आता बोललो की वळून बघंल. रोज वाट बघितली. बघितलंच न्हाईस. तवाच वळखलं म्या, ही समद्यास्नी फसवतीया."

मी सूप बाजूला सारलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मिरचीचे हात म्हणून त्यांनी मला कुरवाळलं नाही, कोपराने जवळ ओढून घेतलं. मला मायेने भरून आलं होतं आणि डोळ्यांची आग होत होती, दोन्ही एकदमच. त्यांचा आवाज माझ्या कानाच्या अगदी जवळून आला. घोगरा, चिरका, दातांशिवायचा, पण त्यांचाच.

"माझा आवाज कसा येतोय? काय कमी हाय?"

खरं तर काहीच कमी नव्हतं. पण आमच्या घरात ते उत्तर चालत नाही. मी जरा विचार केला आणि सांगितलं, "चार वर्सं कमी हाईत. तेवढी परत सांगा."

"समदी?"

"समदी."

आत्याबाईंनी एक मोठा श्वास घेतला, तोंडावरचा पदर खाली केला, मला उठवून बसवलं आणि सूप पुन्हा आम्हा दोघींच्या मध्ये ओढलं. मग म्हणाल्या, "बरं, ऐक. तू दवाखान्यातनं आलीस न्हवं, त्या दिवशी आपली म्हैस दूधच दीना झाली…"